गाडी चालू होत नाही, म्हणजे नक्की काय होत नाही?

मेकॅनिकलची चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांना बंद पडलेली गाडी चालू करता येते? सर्व्हे वगैरेच्या भानगडीत मी पडले नाही, कारण उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑटो सायकलची एफिशियन्सी काढा म्हटलं तर आपण झोपेतही काढू. बॅटरी-कॉइल इग्निशनची आकृती तर प्रत्येकाच्या जर्नलमध्ये आहे. ती सीनिअरच्या फाइलवरून ज्युनिअरच्या फाइलवर इतकी वर्षं उतरत आली आहे, की कंडेन्सरची एक रेघ कुणाच्या तरी हातून कधीतरी अर्धवट राहिली, ती दर वर्षी इमानेइतबारे अर्धवटच काढली जाते! पण बॉनेट उघडून कुणी म्हणालं, "बघ गं, का चालू होत नाही ते," तर आपण काय करतो? दोन वायरी हलवून बघतो आणि गंभीर चेहरा करून म्हणतो, "बॅटरी गेली असेल."

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याला इंजिन शिकवतात, पण इंजिनाचा बिघाड शिकवत नाहीत. आणि हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे वर्कशॉपच्या मागे उभी असलेली आपली पद्मिनी या टर्मच्या शेवटी भंगारात जाणार आहे. तशी नोटीस लागली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितेच.

(कॉन्व्हेंटवाली मुलगी मराठी विभागात कशी काय, असं संपादकांनी विचारलंच. उत्तर सोपं आहे. शाळेनं मला इंग्लिश शिकवलं, पण गाडीची भाषा शिकवली ती वर्कशॉपच्या मामांनी, आणि ती मराठीच आहे. "करंट येतोय, पण टायमिंगवर येत नाही" हे वाक्य मला अजूनही इंग्लिशमध्ये धड सांगता येत नाही.)

तर मामांचा पहिला फंडा. "गाडी चालू होत नाही" ही तक्रारच नाही म्हणे. ती "पेशंटला बरं वाटत नाही" म्हणण्यासारखी आहे. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही, ही एक गोष्ट. फिरतं पण जिना चढणाऱ्या आजोबांसारखं फिरतं, ही दुसरी. छान फिरतं पण एकदाही पकडत नाही, ही तिसरी. आणि पकडल्यासारखं करतं, खोकतं, फट्ट करतं आणि मरतं, ही चौथी. या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा. पहिल्या दोन बहुतेक बॅटरी, तिच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, अर्थिंगची पट्टी आणि स्टार्टर मोटर यांच्यात संपतात. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. शांत बसलेल्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, पण खरा आकडा सेल्फ मारतानाचा असतो. तो दहाच्या बराच खाली गेला, तर सेल्फ कसाबसा फिरतो आणि कॉइलच्या वाट्याला काही उरत नाही. मग इंजिन फिरतंय म्हणून आपण बॅटरीला निर्दोष सोडतो आणि बिचाऱ्या प्लगला फाशी देतो.

खरी मजा तिसऱ्या आणि चौथ्या तक्रारीत आहे.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण, दाब आणि ठिणगी. चौथी गोष्ट म्हणजे हे सगळं वेळेवर, आणि ती पुस्तकात तळटीपेसारखी येते. ठिणगी बघायची रीत सगळ्यांना माहीत असते : प्लग काढा, वायरला लावा, त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवा, सेल्फ मारा. जाड, निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. (प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा ठिणगी त्या भोकाजवळ नको. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत एचटी वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. कॉइल किंवा मॉड्यूलची वाट लागते. शॉक बसतो तो वेगळाच.) पण इथे एक गोम आहे. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर उडी मारायला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाब वाढला की त्याच फटीसाठी कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे बाहेर दिसलेली मरतुकडी पिवळट ठिणगी आत गेल्यावर पडेलच असं नाही. "स्पार्क आहे ना, झालं तर" असं म्हणणारा माणूस अर्धीच टेस्ट करून मोकळा झालेला असतो.

ठिणगी नसेलच, तर कॉइल बदलायच्या आधी एक साधा टेस्ट लॅम्प घ्या. इग्निशन ऑन केल्यावर कॉइलच्या प्लसवर दिवा लागतो का? नसेल लागत, तर भानगड कॉइलच्या आधी, म्हणजे चावीच्या स्विचपासून वायरिंगपर्यंत कुठेतरी आहे. लागत असेल, तर दिव्याचं एक टोक कॉइलच्या मायनसवर, दुसरं बॉडीवर, आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला म्हणजे पॉइंट उघडमीट करतायत, प्रायमरी ठीक आहे. मग शोध कॉइलच्या सेकंडरीपासून पुढे : मधली एचटी वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर. दिवा नुसताच लागून राहिला, तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा मिटूनही त्यांच्यावरच्या थरामुळे करंट जात नाही. लागलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. बघा, दहा-वीस रुपयांच्या दिव्यानं अर्धी सिस्टिम बाद केली आणि आपण अजून एकही पार्ट विकत घेतलेला नाही!

आणि कॅप उघडलीच आहे तर एकदा सेल्फ मारून रोटर फिरतो का ते बघायचं. इतकी सोपी टेस्ट आहे की कुणी करत नाही. क्रँक फिरतोय आणि रोटर फिरत नाही, म्हणजे कॅमशाफ्टची चेन किंवा बेल्ट, नाहीतर डिस्ट्रिब्युटरचा गिअर गेला. अशा वेळी सेल्फ मारत राहू नये. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात, आणि ती भेट महागात पडते.

आता टायमिंग. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे, तरी गाडी हटून बसली आहे. इथे आपले भलेभले टॉपर गप्प होतात. ठिणगी टीडीसीच्या आधी का पाडतात, याचं उत्तर आपण व्हायव्हात देतो : मिश्रण जळायला वेळ लागतो म्हणून. पण किती? ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. जळायला दोन मिलिसेकंद धरले तर तेवढ्यात तो ३६ अंश पुढे गेलेला असतो. आता तोच हिशोब सेल्फच्या वेगाला करा. साधारण २०० आरपीएमला एका मिलिसेकंदात जेमतेम १.२ अंश. म्हणजे चालू करताना ॲडव्हान्स अगदी थोडा लागतो. तो जास्त ठेवला तर पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलतो आणि सेल्फ "खट्‌" करून उलटा झटका खातो. आपण म्हणतो, स्टार्टर खराब. स्टार्टर बिचारा धडधाकट असतो! हँडल मारून गाडी चालू करायच्या जमान्यात याच उलट्या झटक्यानं लोकांची मनगटं मोडायची. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इलेक्ट्रिक सेल्फ आला तो चार्ल्स केटरिंगचा, आणि आपण जर्नलमध्ये काढतो ते बॅटरी, कॉइल आणि पॉइंटचं इग्निशनही त्याच केटरिंगच्या नावानं ओळखलं जातं. आपल्याला मात्र दोन्ही वेगवेगळ्या युनिटमध्ये शिकवतात.

टायमिंगचा सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पुलीवरची खूण. फोर-स्ट्रोकमध्ये एका सायकलला क्रँकचे दोन फेरे होतात, त्यामुळे एक नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दाब देऊन, एकदा धूर बाहेर काढून. पुलीवरची खूण दोन्ही वेळा अगदी जुळते! डिस्ट्रिब्युटर काढला आणि परत बसवताना चुकीचा फेरा धरला, तर सगळ्या खुणा बरोबर, ठिणगीही झकास, आणि ती पडते एक्झॉस्टच्या शेवटी. अशी गाडी कधी ढिम्म राहते, कधी कार्बोरेटरमधून खोकते. यावर मामांचं उपकरण म्हणजे अंगठा. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि पुली हातानं फिरवायची. हवा अंगठा उचलते तो फेरा खरा.

मग पॉइंटचा गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रमही मला पुस्तकात सापडला नाही, मामांनी सांगितला. कारण विचार केला की लगेच कळतं. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी मागे पडते. गॅप वाढवला की ती पुढे येते. म्हणजे आधी टायमिंग लावलं आणि मग फिलर गेज घेऊन गॅप नीट केला, तर लावलेलं टायमिंग तुम्ही स्वतःच्या हातानं बिघडवलं. हे एक वाक्य ओरलला विचारलं तर अर्धी बॅच उडेल. पण विचारतात काय? "कंडेन्सरचं कार्य सांगा."

मागच्या जुलैत आमच्या रेक्टर मॅडमच्या जुन्या जिप्सीचं जे झालं ते बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. वडिलांची गाडी म्हणून त्यांनी जपून ठेवलेली, कार्बोरेटरवाली. एका रविवारी इंजिन धुऊन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. गावातल्या एका गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग कॉइल. बिल वाढत गेलं आणि गाडी सुधारायच्या ऐवजी कार्बोरेटरमधून फटाके वाजवायला लागली. शेवटी मामांना बोलावलं. मामांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "मॅडम, शेवटची चालू कधी होती? आणि त्यानंतर कुणी काय काय काढलं?"

संपलं! अर्धं निदान या दोन प्रश्नांत झालं. शेवटची चालू होती धुण्याच्या आधी, म्हणजे पाणी. कॅप उघडली तर आत दव साचल्यासारखा ओलावा. फडक्यानं पुसली, सुकवली, आतल्या मधल्या कार्बनचं टोक बघितलं. पण फटाके पहिल्या दिवशी नव्हते, ते प्लग बदलल्यानंतर सुरू झाले. म्हणजे दुसरा बिघाड माणसानं केलेला. मामांनी रोटरच्या फिरण्याच्या दिशेनं बोट फिरवत वायरी मोजल्या : एक, तीन, चार, दोन असं यायला हवं, तिथे एक, चार, तीन, दोन होतं. तीनची वायर चारला आणि चारची तीनला. याचा अर्थ चार नंबरला ठिणगी मिळत होती ती त्यानं मिश्रण नुकतंच आत ओढल्यावर, इनटेक व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आधी, म्हणून आग कार्बोरेटरच्या वाटेनं परत. आणि तीनला मिळत होती पॉवर स्ट्रोक संपता संपता, म्हणजे वरातीमागून घोडं. वायरी बदलल्या, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. खर्च शून्य. जुना प्लग, जुनी बॅटरी, जुनी कॉइल यांतलं काहीही खराब नव्हतं.

मला यात गॅरेजवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत. तो जे करतो तेच आपणही करणार आहोत, फक्त एसी ऑफिसात बसून. "हा पार्ट बदलून बघू" हा आजार डिग्रीनं जात नाही. उलट नवीन गाड्यांत तो वाढलाय. स्कॅनर लावला, पी०३३५ कोड आला, म्हणजे क्रँक सेन्सर, म्हणून सेन्सर बदलला. कोड मात्र सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही, त्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच म्हणतो. वायर इंजिनाला घासून कापली असेल तरी तोच कोड. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. लोक दोन्ही सेन्सर बदलतात, आणि ताणलेली टायमिंग चेन आत तशीच असते. स्कॅनर पत्ता सांगतो, पण घरात चोर कोण ते आपल्यालाच शोधायचं असतं.

तर आता पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी, मूळची फियाट ११००, १०८९ सीसी, चार सिलिंडर. मुंबईची काळी-पिवळी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाच्या अटीमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात फोटो आले आणि आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. आपल्याच कॉलेजची पद्मिनी मात्र एका माजी विद्यार्थ्यानं प्रेमानं दिली, आणि तिच्या आरशाला बॉइज हॉस्टेलची कपड्यांची दोरी बांधलेली आहे. खाली कुत्रं झोपतं. चावी स्टोअरच्या खिळ्यावर आहे.

डिपार्टमेंटचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते चुकीचं आहे असं नाही. जागा हवी आहे. नवीन सिम्युलेशन लॅब येते आहे, त्यात फॉल्ट शोधायचं सॉफ्टवेअरही आहे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून नवीन दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळपास गेला, मग पॉइंट शिकून कुणाचं भलं होणार? आणि उद्या सगळं इलेक्ट्रिकच!

सिम्युलेशनमध्ये फॉल्ट एका यादीतून निवडलेला असतो. आपल्याला आधीच माहीत असतं की यादीतलाच एक काहीतरी आहे, आणि एकच आहे. रेक्टर मॅडमच्या गाडीत दोन होते, आणि दुसरा पहिल्याच्या उपचारातून जन्मलेला. असा फॉल्ट कुठल्या सॉफ्टवेअरच्या यादीत असतो? राहता राहिली इलेक्ट्रिक गाडी. तिच्यातही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती मेली तर आतले कॉन्टॅक्टर जोडले जात नाहीत, मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. म्हणजे प्रश्नांची सुरुवात तिथेही तीच : करंट कुठपर्यंत पोचतोय? पद्मिनीचा फायदा असा की तिच्यात हे सगळं डोळ्यांनी दिसतं. पॉइंट उघडताना दिसतात, रोटर फिरताना दिसतो, अंगठ्याला दाब कळतो. ईसीयूच्या डब्यात काय चाललंय ते दिसत नाही.

मी काही मोठं मागत नाहीये. टर्मवर्कमधला एक प्रॅक्टिकल बदला. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं लागेल, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसला असेल तो धुवावा लागेल, आणि इतकी वर्षं उभ्या गाडीचे पॉइंट काळे पडलेले असणारच. हेच मुळात पहिल्या बॅचचं प्रॅक्टिकल. एकदा ती चालू झाली की मामांनी दर आठवड्याला गुपचूप एक-दोन गडबडी करून ठेवायच्या : पॉइंटमध्ये कागदाचा कपटा, दोन वायरींची अदलाबदल, खिशात टाकलेला रोटर, थोडासा फिरवलेला डिस्ट्रिब्युटर, सैल केलेलं अर्थिंग. चार जणांचा ग्रुप, एक तास, एक टेस्ट लॅम्प. नियम एकच : कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी जर्नलमध्ये लिहायचं, की मी ही टेस्ट का करतोय आणि अमुक दिसलं तर पुढे काय. मार्क या लिहिण्याला. गाडी चालू झाली की नाही याला नाही.

आणि हो, त्या चारांत मुलगी असेल तर तिला कृपा करून लिहायला बसवू नका. "तुझं अक्षर छान आहे गं, तू रीडिंग घे" हे ऐकून आम्ही जाम कंटाळलो आहोत. अंगठा आम्हालाही आहे.

मामा पुढच्या मार्चमध्ये रिटायर होतायत. ते म्हणाले, बॅटरी माझ्या घरची आणतो, तुम्ही फक्त परवानगी काढा. एचओडी सरांच्या नावानं अर्ज लिहिला आहे, तो मेसच्या दारापाशी नोटीस बोर्डाखाली पुठ्ठ्यावर लावून ठेवला आहे. सही करताना ब्रँच आणि वर्ष लिहा. सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही केली तर चालेल, गाडी तुमचीही बंद पडते. आणि बॉइज हॉस्टेलनं तेवढी कपड्यांची दोरी सोडून घ्यावी, दरवाजा उघडत नाहीये.